आधी पाणी, मग प्रश्न

धाकटी एका बॅगेनिशी नवऱ्याचं घर सोडून बाबांच्या नर्सरीत परत आली, तेव्हा तिला कुणी काहीही विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, किती समजूतदार माणसं! समजूतदार कसली डोंबलाची. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं ना! बाबांनी तिच्या हातातून बॅग घेतली, वहिनीने ताट वाढलं, आणि थोरल्या भावाने "बरं झालं आलीस, चार दिवस आराम कर" म्हणून चार दिवसांची मुदत आपल्याच तोंडाने घालून टाकली. मग सगळे कामाला लागले.

त्या घरची रीतच तशी होती. आजोबांनी नर्सरी काढली तेव्हा पाण्याच्या टाकीवर हिरव्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'आधी पाणी, मग प्रश्न'. म्हणजे रोपाने मान टाकलेली दिसली की का, कशामुळे, कुणामुळे याचा कीस पाडत बसायचं नाही; आधी पाणी घालायचं. वाक्य काही चुकीचं नव्हतं. पिशवीतल्या बोटभर रोपाची माती बघता बघता विटेसारखी वाळते, तिथे विचार करायला सवड कुणाला असते? पण हेच वाक्य पुढे घरातही शिरलं. पोरं रडली की आधी पाण्याचा पेला हातात यायचा. प्रश्न मागून येणार असायचा, आणि बहुतेक वेळा तो यायचाच नाही.

धाकटीच्या बाबतीतही तो आला नाही. तिच्या नवऱ्याचं एसी विकायचं मोठं दुकान होतं. नर्सरीतली माणसं त्याला पाठीमागे 'एसीवाले जावई' म्हणायची. बाहेर सगळी दुनिया घामाने निथळत असायची आणि ही बाई घरात शाल पांघरून बसायची, कारण खिडक्या उघडायच्या नाहीत आणि मशीन बंद करायचं नाही असा नियम होता. माणूस वाईट नव्हता. असं सगळेच म्हणायचे आणि ते खरंही होतं; तिथेच तर खरी पंचाईत होती. हात उगारणाऱ्याबद्दल सांगता येतं. पण हिने "मला वाटतं..." म्हणावं, आणि त्याने हसून "तिला म्हणायचंय की..." म्हणून पुढचं सगळं स्वतःच सांगून टाकावं, पाहुण्यांनी माना डोलवाव्यात, ही तक्रार घेऊन कुणाकडे जायचं? होता होता धाकटी वाक्यं अर्धीच बोलायला लागली. उरलेलं अर्धं नवरा बोलतोच आहे, उगाच तोंडाची वाफ कशाला दवडा.

आणि त्या घरात प्लास्टिकची फुलं होती. फुलदाण्या भरभरून. खऱ्या फुलांनी कचरा होतो म्हणे. रोपांच्या चिखलात वाढलेली ही पोरगी दर आठवड्याला प्लास्टिकची फुलं बादलीत बुचकळून धुवायची आणि पंख्याखाली वाळवायची. एक दिवस ती फुलं तशीच बादलीत सोडून ती निघाली. त्या घरात थंडी भरपूर होती, पण माणूस नुसत्या थंडीवर जगत नाही.

आता थंडीवर जगणाऱ्यांची गोष्ट.

धाकटी आली तेव्हा हिवाळा सरत आला होता. हिवाळा म्हणजे तरी काय, रात्री पंखा एक आकडा कमी करायचा, एवढंच. बाकी बारा महिने उकाडा आणि हवेत एवढी ओल की भिंतीवर टांगलेला चामड्याचा पट्टासुद्धा बुरशी धरायचा. अशा जागी थोरल्याने आदल्या वर्षी चाळीसेक हायड्रेंजिया मागवले होते. सगळ्यांना माहीत असतो तो चेंडूसारख्या गोल फुलाचा नव्हे. हा तुऱ्याचा हायड्रेंजिया. याला लांबट, टोकाकडे निमुळते होत गेलेले पांढरे तुरे येतात, आणि थंड मुलखात ते पुढे गुलाबी होतात. थोरल्याने रंगीत फोटो पाहिला आणि भाळला. लग्नाआधी नर्सरीची सगळी खरेदी धाकटी बघायची, तिला एक फोन केला असता तर तिने सांगितलं असतं. पण विचारील तो थोरला कसला!

त्याने ती झाडं पुढच्या बाजूला, रस्त्यावरून दिसावीत म्हणून, पत्र्याच्या कुंपणाला चिकटवून ओळीने मांडली. दुपारभर वरून ऊन भाजतंय आणि मागून पत्रा. तुरे यायच्या आधीच पानं कागदासारखी करपली. गिऱ्हाइकं हसायला लागली तसं थोरल्याने ठरवलं की झाडंच नालायक आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

तर एका सकाळी कुंड्या भरणारी मावशी ती वाळकी झाडं ढकलगाडीत घालून खताच्या ढिगाकडे नेत होती. धाकटीने गाडी अडवली. एका काडीवर नखाने ओरखडा काढला. साल निघाली आणि आतून ओला हिरवा रंग दिसला.

"टाकू नको मावशी. जिवंत आहेत."

"दादांनी सांगितलंय टाकायला," कुंडीमावशी म्हणाली. "मी आपली हुकमाची ताबेदार."

तेवढ्यात हुकूम सोडणारा स्वतःच आला. "काय चाललंय?"

"ही मेलेली नाहीत, दादा."

"मेली नसतील तर मरतील. थंडीतलं झाड आहे ते. या दमट हवेत कुजणार नाहीतर करपणार. जे जिथलं असतं ना, ते तिथेच जगतं." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण थांबेल तर थोरला कसला. "आणि ज्याने त्याने आपापल्या घरी राहावं. किती दिवस झाले तुला येऊन? लोक विचारायला लागलेत."

धाकटीचं डोकं सटकलं. "लोक विचारतात? वा! चला, कुणीतरी विचारतंय म्हणायचं!"

"उगाच शब्दात पकडू नकोस. एवढी उमेद आहे तर फुलवून दाखव ही झाडं. उन्हाळा संपायच्या आत फुलली तर राहा इथेच, पुन्हा मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही फुलली, तर आपणहून नवऱ्याला फोन करायचा आणि घरी जायचं. आहे कबूल?"

"आहे!" धाकटी म्हणाली. रागात माणूस कशालाही हो म्हणतं. बाबा टाकीजवळ उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, खाली बघितलं आणि नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी धाकटीने काय केलं असेल? कात्री घेतली आणि सगळी झाडं गुडघ्याएवढी छाटून टाकली. कुंडीमावशीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! फुलं येणाऱ्या फांद्याच उडवल्यास! आता हरायला वेगळं काही करायलाच नको."

"मावशी, तो गोल फुलांचा वेगळा. त्याची जुनी फांदी छाटली की वर्ष गेलं. याला जुन्या फांदीवर काही येत नाही. नवा फुटवा आला की त्याच्या शेंड्यावर तुरा येतो. छाटल्याशिवाय हा जोमाने फुटायचा नाही."

"तू म्हणतेस तर तसं," मावशी म्हणाली, म्हणजे तिला काही ते पटलं नव्हतं.

मागच्या बाजूला जुन्या गोदामाची उंच भिंत होती, पूर्वेकडे तोंड करून. तिथे सकाळचं ऊन मिळायचं आणि सूर्य डोक्यावरून कलला की भिंतीची सावली पडायची. तिथे मोडक्या ट्रे आणि फाटक्या जाळ्यांचा ढीग होता. तो तिने एकटीने हलवला. मोठ्या कुंड्या घेतल्या, तळाची भोकं पहारीच्या टोकाने मोठी केली, खाली विटांचे तुकडे, त्यावर जाड रेती घातलेली माती, आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर, म्हणजे मुळं गार राहतील. कुंड्या एकमेकींपासून लांब ठेवल्या, कारण दमट हवेत पानाला पान लागलं की बुरशी आलीच. पाणी फक्त पहाटे, बुंध्याशी, पानांवर थेंब उडू न देता. वहिनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "स्वतःची एवढी काळजी घेतली असतीस तर?"

"तेच तर करतेय, वहिनी," धाकटी म्हणाली.

आणि झाडं फुटली! गुडघ्याएवढ्या काड्यांना जोडीजोडीने पालवी आली, मग हातभर लांब कोंब आले, हिरवेगार. थोरला त्या बाजूला फिरकेनासा झाला. विचारलं तर म्हणायचा, पानं काय कुणालाही येतात.

मग उन्हाळा पेटला. हवा अंगाला चिकटायला लागली. सकाळी ताठ असलेली झाडं दुपार व्हायच्या आत मलूल होऊन जायची, पानं लोंबायची, कोवळे शेंडे खाली वळायचे. बघणाऱ्याला वाटावं, संपलं. पण धाकटीला ते ठाऊक होतं. मूळ जेवढं पाणी वर पाठवतं त्याहून जास्त ऊन ओढून घेतं, म्हणून झाड अंग ढिलं सोडतं. कुंडीतली माती ओलीच असते. ऊन उतरलं की झाड आपलं आपण सावरतं. धाकटी संध्याकाळी तिथे जाऊन उभी राहायची. एकेक शेंडा हळूहळू वर यायचा. दिवसभरात काय काय ऐकून घेतलेलं असायचं, ते तेवढ्या वेळात उतरायचं.

पण एका संध्याकाळी काही झाडं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी काही. पानं पिवळी पडायला लागली. धाकटीने बोट मातीत खुपसलं. माती गच्च, चिखल. पहाटेच्या पाण्याने एवढा चिखल होणं शक्य नव्हतं. तिने एक कुंडी उलटी केली. मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि तुंबलेल्या गटाराचा वास. कुणीतरी वर भरमसाट पाणी ओतत होतं.

कुणीतरी कशाला, थोरलाच! दुसरं कोण असणार? हरायची वेळ आली म्हणून झाडांवर उठलाय. धाकटीची तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीला म्हणाली, "आज रंगेहाथ पकडते त्याला." वहिनी म्हणाली, "तुझा दादा? अगं, जेवण झालं की तो असा घोरतो की खिडकीची काच हलते." पण धाकटी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. दुपारी सगळी माणसं जेवून लवंडली तशी ती गोदामाच्या दाराआड जाऊन उभी राहिली.

पाइप फरफटत आल्याचा आवाज आला. आणि भिंतीच्या कडेने बाबा आले. अंगात बनियन, डोक्यावर ओला टॉवेल, आणि हातात पाइप. लोंबलेल्या झाडांपाशी एकेक करून थांबत होते, वाकत होते, कुंडी वरपर्यंत भरत होते, आणि बोलत होते.

"प्या गं बायांनो, पोटभर प्या. अशा माना टाकू नका. फुला एकदाच्या, नाहीतर माझ्या पोरीला परत जावं लागेल."

चोर पकडायला गेली आणि हाती लागले बाबा. धाकटीला रडावं की ओरडावं हे कळेना. तिने दोन्ही केलं.

"बाबा! तुम्ही मारताय त्यांना!"

म्हाताऱ्याच्या हातातून पाइप सुटला आणि जमिनीवर सापासारखा वळवळला. "मी? अगं, मान टाकली होती त्यांनी. मी रोज बघतो, तू जेवायला जातेस आणि इकडे ही अशी... माझ्याच्याने बघवत नाही. म्हणून पाणी..."

"उन्हात ही झाडं मान टाकतातच! जगायची रीत आहे ती त्यांची. तहान नसते लागलेली. माती ओली असते. वरून आणखी पाणी ओतलं की मुळं गुदमरतात. बघा ही!" तिने कुजलेली मुळं त्यांच्यापुढे धरली. "संध्याकाळपर्यंत थांबायचं असतं, बाबा. फक्त थांबायचं!"

बाबांनी ती मुळं हातात घेतली, वास घेतला. रोपांत जन्म काढलेला माणूस. त्यांना आणखी सांगायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा एवढासा झाला. तिथे धाकटीने थांबायला हवं होतं. पण कित्येक महिन्यांचं आत तुंबलेलं होतं, ते बाहेर पडलंच.

"आणि माझ्यावरही असंच ओतताय. आल्यापासून रोज, जेवतेस का, झोपतेस का, जावयांना मी फोन करू का, देवासारखा माणूस आहे गं. माझी मान खाली दिसली की तुमचा पाइप सुरू. एकदा तरी विचारलंत का, बाई, काय झालं?"

बाबांनी टॉवेलने तोंड पुसलं, नळ बंद केला आणि निघून गेले. त्या दिवशी ते टाकीला टेकून बसून राहिले, गिऱ्हाइकाने हाक मारली तरी उठले नाहीत. धाकटीला बोलल्याचं वाईट वाटत होतं, पण आपण बोललो ते चूक होतं असं मात्र काही केल्या वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती भिंतीपाशी गेली, तर बाबा आधीच तिथे बसलेले, शेजारी रेतीचं घमेलं. दोघांनी मिळून वाचण्याजोगी झाडं बाहेर काढली, सडकी मुळं कापली, कोरड्या रेतीमातीत पुन्हा लावली. एकमेकांशी बोलायचं म्हणजे "कात्री", "धर", "पुढची". निम्मी झाडं गेली. उरलेल्या निम्म्यांनी आठवडाभर धाकटीचा जीव टांगणीला लावला आणि मग एकेक नवं पान काढलं.

मेलेली झाडं ढिगावर गेली तसा थोरला आला. त्याला बोलवावं लागलं नाही. "मी सांगितलं होतं. आता कर फोन."

"नाही करणार."

"शब्द दिला होतास तू!"

"दिला होता. तिथेच माझी चूक झाली. पैज झाडांची होती तर झाडांचीच लावायची. मी माझा जीवही त्याच कुंडीत घालून बसले. आता नीट ऐक. ही फुलली तरी मी इथेच, नाही फुलली तरी इथेच, आणि उद्या सगळी जळून गेली तरी इथेच. हे माझंही घर आहे. इथे राहायला मला कसली परीक्षा द्यायची नाही."

"मग ही उरलेली कशाला जगवतेस?"

"ती जिवंत आहेत म्हणून. आणि तू मेली म्हणालास म्हणून!"

थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो वाईट होता असं नाही. बहिणीची गाडी पुन्हा रुळावर यावी असं त्याला मनापासून वाटत होतं, फक्त रूळ कुठे जातोय हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याने परस्पर एसीवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, या आणि समजावून घेऊन जा.

जावई आले ते नेमके भर दुपारी. गाडीतून उतरल्या उतरल्या शर्ट पाठीला चिकटला. थोरला त्यांना घेऊन थेट भिंतीपाशी आला, कारण धाकटी तिथेच होती. तोवर झाडांना तुरे आले होते. होय, आले होते! वीतभर लांब, भरगच्च, किंचित हिरवट पांढरे. पण दुपार होती आणि त्यात तुऱ्यांचं वजन, त्यामुळे सगळीच्या सगळी झाडं जमिनीकडे वाकली होती. पानं लोंबत होती, तुरे पालापाचोळ्यात लोळत होते. बघवत नव्हतं, खरं सांगायचं तर.

बाबा उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसले होते. वहिनी पाणी घेऊन आली. कुंडीमावशी उगाचच झाडू घेऊन आसपास रेंगाळत होती.

"यासाठी घर सोडलंस?" जावई हसून म्हणाले. हसण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "काय अवस्था करून घेतलीस गं. चेहरा बघ. चल, झालं गेलं विसरून जाऊ."

"मला सांगायचंय..." धाकटीने सुरुवात केली.

"तिला सांगायचंय," जावई बाबांकडे वळले, "की तिला थोडा वेळ हवा होता. कबूल आहे. मी काही अडवलं नाही. माणूस थकतं, चिडतं. आता..."

"तिला काय सांगायचंय ते ती सांगेल," धाकटी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "मी येणार नाही. आज नाही, उन्हाळा संपल्यावर नाही, कधीच नाही. मी थकलेली नाही आणि चिडून आलेली नाही. तुमच्या घरात मला माझं एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. हे बघा, आता केलं."

कुंडीमावशीच्या हातातला झाडू थांबला. जावयांनी थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने आभाळाकडे. काय बोलावं हे जावयांना सुचेना, आणि सुचलं नाही की माणूस हाताने काहीतरी करायला बघतो. त्यांची नजर लोंबलेल्या झाडांवर गेली. "अरे, निदान यांना तरी कुणी पाणी घाला. मरायला टेकलीत बिचारी." आणि ते नळाला लावलेल्या पाइपाकडे वळले.

"हात लावायचा नाही!"

बाबा उठले होते. हा माणूस आयुष्यात जावयाशी चढ्या आवाजात सोडा, डोळे वर करूनसुद्धा बोलला नव्हता. ते चालत गेले, नळावरून पाइप उपसून काढला आणि वेटोळं करून स्वतःच्या खांद्यावर टाकला. "आमच्याकडे संध्याकाळपर्यंत थांबतात. तुम्हाला बघायचं असेल तर बसा. कुंड्या पुष्कळ आहेत, एक उलटी करून घ्या."

"बाबा, अहो, जावई आहेत ते," थोरला पुटपुटला.

"मला माहीत आहे कोण आहेत. आणि ही माझी मुलगी आहे, हेही माहीत आहे. तिने नाही म्हटलंय. मी ऐकलंय."

जावयांनी घाम पुसला. मग आपल्या गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या, आणि बराच वेळ इंजिन चालू ठेवून आतल्या गारव्यात बसून राहिले. पण संध्याकाळपर्यंत थांबायला त्यांना सवड नव्हती. ऊन उतरायच्या आधीच गाडी निघून गेली.

मग ऊन उतरलं. भिंतीची सावली कुंड्यांवरून पुढे सरकत फाटकापर्यंत गेली. आधी पानं ताठ झाली, मग फांद्या, आणि मग एकेक तुरा पालापाचोळ्यातून वर उचलला गेला. सगळी झाडं उभी! बाबा आणि धाकटी शेजारी शेजारी उलट्या कुंड्यांवर बसून बघत होते. वहिनी हातातलं काम टाकून आली. कुंडीमावशी म्हणाली, "अगं बाई, ही तर उठली की!" आणि एका तुऱ्याला हात लावून पाहिला.

थोरलाही आला. खिशात हात घालून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "फोटोत गुलाबी होती."

"थंडीत होतात गुलाबी," धाकटी म्हणाली. "इथे पांढरीच राहतात, आणि मग एक दिवस वाळून तपकिरी होतात. म्हणून काय ती फुलं नाहीत?"

थोरला खाली बसला, एका कुंडीतला पालापाचोळा बाजूला सरला होता तो हाताने सारखा केला, आणि तिथेच बसून राहिला. त्याच्याकडून एवढंही पुष्कळ होतं.

अजून उजेड होता. बाबांच्या खांद्यावर पाइपाचं वेटोळं तसंच होतं. काढून ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी टाकीवरच्या त्या हिरव्या अक्षरांकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"काय झालं होतं गं तिकडे?"

धाकटीला वाटलं होतं की कधी कुणी विचारलंच तर आपण भडाभडा बोलू. पण तिला पहिला शब्दच सापडेना. वहिनी काहीतरी बोलायला गेली तर बाबांनी हात वर केला. सगळे थांबले.

"त्या घरात प्लास्टिकची फुलं होती," धाकटी म्हणाली. मग ती बोलत गेली, आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत मध्ये कुणीही बोललं नाही.